बारीक धार

कौमुदी बोलली तेव्हा नीरजा तिच्या खोलीतल्या कपाटामागची बुरशी पुसत होती. लोणावळ्यात ऑगस्ट लागला की भिंतींना आतून घाम फुटतो. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, पर्सच्या पट्ट्यांवर, गादीच्या कडेला हिरवट लव चढते आणि आज पुसली तरी उद्या पुन्हा तिथेच असते. गेल्या काही आठवड्यांत नीरजाला हे पुसण्याचं काम बरं वाटायला लागलं होतं. त्या निमित्ताने मुलीच्या खोलीत हवा तेवढा वेळ थांबता यायचं, आणि आपण तिच्यावर लक्ष ठेवून आहोत असं दिसायचं नाही. ‘आई,’ मागून आवाज आला. नीरजाचा हात भिंतीवरच राहिला. कितीतरी दिवसांत न वापरलेला, घोगरा, कुणा दुसऱ्याच बाईचा वाटावा असा आवाज. ‘आई, मला आंघोळ करायचीये. शॉवरखाली बसून. गरम पाण्याने. खूप वेळ.’

नीरजाने लगेच वळून पाहिलं नाही. वळलं, चेहऱ्यावर काही दिसलं, आपण जरा जास्तच आनंदाने बोललो, तर ते वाक्य जिथून आलं तिथे परत जाईल अशी धास्ती तिला वाटली. ‘करू या की,’ ती भिंतीलाच म्हणाली, रोजचंच काही असल्यासारखं. ‘गिझर लावते.’ फडकं खिडकीत टाकून ती सावकाश चालत खोलीबाहेर आली आणि पॅसेजमध्ये पोचल्यावर दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून उभी राहिली. मग मागच्या बाल्कनीत जाऊन तिने गॅसचा रेग्युलेटर फिरवला, बाथरूममध्ये येऊन शॉवरचा गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडला, आणि वाट पाहू लागली. शॉवरमधून पाणी आलं ते असं, की जाळीच्या मधल्या चार-पाच भोकांतून नुसतं ओघळलं, जाळीखाली गोळा होऊन टपकलं, आणि पुढे एक बारीक धार भिंतीला चिकटून उतरत राहिली. बाहेर गिझरने टकटक केली नाही, ज्योत पेटली नाही. धार थंडच होती.

हा गिझर टाकीचा नव्हता. पावसाळ्यात दिवसदिवस वीज जाते म्हणून त्र्यंबकने, तिच्या नवऱ्याने, विजेचा मोठा गिझर काढून हा भिंतीवरचा गॅसचा छोटा डबा बसवून घेतला होता. त्यात पाणी साठत नाही. नळ उघडला की पाणी जोरात आत शिरतं, त्या जोराने ज्योत पेटते, आणि पाणी नळीतून जाताजाताच तापतं. जोर नसला तर ज्योतही नाही. एवढं नीरजाला माहीत होतं. जोर का नाही, ते माहीत नव्हतं. तिने शेजारचा थंड पाण्याचा नळ उघडला. तो भरभरून वाहिला. म्हणजे पाणी होतं. घरात पाणी होतं आणि नेमकं इथे येत नव्हतं. गणित शिकवणाऱ्या बाईला यात काहीतरी तर्क लावता यायला हवा होता, पण डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की पलीकडच्या खोलीत कौमुदी पलंगावर उठून बसली असेल, पाय खाली सोडले असतील, आणि ती फार वेळ तशी बसणार नाही.

तळेगावच्या कॉलेजातून नीरजाने बिनपगारी रजा घेतली त्यालाही आता बरेच दिवस झाले. हर्षदाचा, कौमुदीच्या पुण्यातल्या खोलीतल्या मैत्रिणीचा, फोन आला तेव्हा नीरजा पेपर तपासत होती. ‘काकू, तुम्ही येऊन जा. ती ऑफिसला जात नाहीये. खोलीचं दारच उघडत नाहीये.’ दार उघडलं तेव्हा आत जी मुलगी होती तिला नीरजाने हाताला धरून उठवलं आणि जिन्यावरून उतरवताना तिच्या लक्षात आलं, की आपण हिला धरलेलं आहे हे हिला समजतच नाहीये. मग दवाखाना, गोळ्या, पांढऱ्या खोलीतले दिवस. तिथे एक आया रोज सकाळी बादली आणि तांब्या घेऊन यायची, कौमुदीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायची, आणि दार उघडं ठेवून, बाहेरच्या नर्सशी बोलत बोलत, तिच्या अंगावर पाणी ओतायची. नीरजाने एकदा ते पाहिलं. मुलगी गुडघे छातीशी घेऊन बसली होती, पाण्याखाली थरथरत होती आणि दाराकडे बघत होती. घरी आल्यावर नीरजाने बादली भरली की ती भिंतीकडे वळायची. विनवलं, रागावलं, ओल्या फडक्याने पुसून घेऊ म्हटलं, काही उपयोग झाला नाही. मग तिने विचारणंच सोडलं. कौमुदीचे केस मानेमागे एका गोळ्यात गुंतले. त्यांना एक आंबूस, उबट वास यायला लागला. रात्री तिच्या शेजारी झोपताना नीरजा तो वास मुद्दाम छातीत भरून घ्यायची, कारण तो जिवंत माणसाचा वास होता. डॉक्टर म्हणाले होते, ‘एकटं सोडू नका. आणि एखाद्या दिवशी ती स्वतःहून काही मागेल. साधंसंच काही मागेल. ते तेवढं होऊ द्या.’

ते मागणं आज आलं होतं, आणि गरम पाणी येत नव्हतं.

सावित्राबाई भांडी घासून पदराला हात पुसत होत्या. औंढ्याच्या वरच्या वाडीवरून त्या रोज खाली यायच्या, या इमारतीतली तीन घरं करायच्या आणि दुपारी टमटमने पुन्हा वर शेतावर जायच्या. नीरजाने त्यांना स्वयंपाकघरातच गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं. ‘पोरगी बोलली व्हय?’ सावित्राबाईंनी डोळे मोठे केले. ‘कवा?’ ‘आत्ताच. तिला शॉवर हवाय, आणि पाणी येत नाहीये. तुम्ही जरा तिच्याजवळ बसता? मी गच्चीवर टाकी बघून येते.’ ‘बसते की. पर बाई, गॅसवर पातेलं ठिवा, बादलीत घालून मी न्हाऊ घालते तिला. आमी काय गिझरनं न्हातो व्हय? त्या क्येसाची जट झालीया, ती बी कातरून टाकू, मोकळी हुईल पोरगी.’ ‘कातरायचं काही नाही,’ नीरजा इतक्या जोरात म्हणाली की तिचं तिलाच दचकायला झालं. ‘बादली नको, मावशी. तिच्यासमोर बादलीचं नावसुद्धा काढू नका.’ सावित्राबाई कौमुदीच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसल्या.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. ते नीरजानेच सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून लावून घेतलं होतं, वर माकडं येतात असं कारण देऊन, आणि एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती. तिने ती किल्ली फिरवली. वर धुकं इतकं दाट होतं की कठडाही नीट दिसत नव्हता. पाऊस पडत नव्हता, हवेत नुसता तरंगत होता. खालून गाड्यांचे हॉर्न एकात एक मिसळून येत होते. रविवार. भुशी धरणाच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या एकामागे एक अडकल्या असणार, काचा खाली करून पोरं ओरडत असणार, कुणी मक्याची कणसं खात असणार. गर्दीचे हे दिवस टाळून, एखाद्या मंगळवारी शाळा बुडवून, ती लहान कौमुदीला धरणावर घेऊन जायची. पायऱ्यांवरून पाणी वाहत असायचं आणि कौमुदी तिसऱ्या पायरीवर दोन्ही हात पाण्यात बुडवून बसायची, सरकायची नाही, बोलायची नाही, पाणी मनगटावर आपटून फुटतं ते बघत राहायची. नीरजा मागून तिचा फ्रॉक मुठीत धरून उभी. किती वेळ ती तसा फ्रॉक धरून उभी राहायची, आणि किती खात्री होती तेव्हा, की मूठ घट्ट असली की पुरतं! तिने टाकीचं झाकण उचललं. टाकी काठोकाठ होती. पाणी मात्र गढूळ होतं, चहात दूध कमी पडावं तशा रंगाचं, आणि तळाशी लाल गाळ बसलेला. ती झाकण लावून धावत उतरली. कुलूप लावायला विसरली, दोन जिने परत चढली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

‘बसलीया अजून,’ सावित्राबाईंनी खोलीतूनच सांगितलं. कौमुदी खरंच पलंगाच्या काठावर होती, पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर. आईला पाहून तिने मान वर केली. ‘आलं पाणी?’ ‘आत्ता येतंय. पाचच मिनिटं.’

धम्मदीप, कामशेतचा प्लंबर. गिझर त्यानेच बसवला होता. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याचा फोन लागला. मागे ट्रकचे हॉर्न. ‘मॅडम, मी उर्से टोलपाशी अडकलोय. सगळं पुणं आलंय आज लोणावळ्याला, गाडी हलंना. काय झालंय?’ तिने सांगितलं. ‘थंड नळाला फोर्स आहे ना? मग गिझरमध्येच चोक. आतली कॉइल भरली असंल क्षारानं. तसं असंल तर खोलून ॲसिड मारावं लागंल. उद्या-परवा येतो.’ ‘उद्या नाही, आत्ता पाहिजे. मला सांग काय करायचं ते.’ ‘तुम्ही करणार?’ तो हसला, वाईट हेतूने नाही. ‘बघा, खाली थंड पाण्याची नळी जिथं गिझरला लागते, तिथं आत बारीक जाळी असते. पावसाळ्यात गाळ धरते. काढता आली तर काढून धुवा. पण राहू द्या मॅडम, एकदा खोललं आणि गळायला लागलं तर पंचाईत. पाहुणे आलेत का?’ ‘माझी मुलगी आजारी आहे, धम्मदीप,’ ती म्हणाली. आजवर हे वाक्य तिने इमारतीत कुणापाशी उच्चारलं नव्हतं, आणि आता टोलनाक्यावर अडकलेल्या माणसाला ते सांगत होती. ‘तिला आज आंघोळ करायचीये.’ मग तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘मग स्टोव्हवर तापवा ना पाणी, मॅडम. बादलीभर तर लागतं.’

तिने फोन ठेवला. हे कुणाला कसं सांगायचं? बादलीभर पाणी म्हणजे आंघोळ घालणं. ते कौमुदीसाठी कुणीतरी आणायचं, कुणीतरी मोजून ओतायचं, आणि ते संपणार हे दोघांनाही आधीपासून माहीत. तिने मागितलं होतं ते न संपणारं पाणी. खूप वेळ, असं ती म्हणाली होती. जिला वेळ नकोसा झाला होता, सकाळ झाली की जी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची, तिने खूप वेळ मागितला होता.

त्र्यंबकची हत्यारांची पेटी पलंगाखाली होती. त्यातल्या स्क्रू ड्रायव्हरने काही दिवसांपूर्वी नीरजाने बाथरूमची आतली कडी काढून टाकली होती. दारावर चार भोकं आणि न रापलेल्या रंगाचा एक चौकोन उरला होता. पाना घेऊन ती आधी शॉवरकडे वळली, कारण तो डोळ्यांसमोर होता. स्टुलावर उभं राहून तो फिरवून काढला, भोकांतला पांढरा क्षार सुईने टोकरला. मग शॉवर न लावताच नळ उघडून पाहिला. उघड्या पाइपातूनही करंगळीएवढीच धार आली. म्हणजे शॉवर नाही. बाल्कनीत येऊन तिने गिझरचे सेल बदलले, घड्याळातले, रिमोटमधले, जे सापडतील ते, आणि मग तिला आठवलं की गिझरला मोठे सेल लागतात. ते धावत वाण्याकडून आणले, तरी ठिणगी उडाली नाही. उडणारच नव्हती. पाण्याला जोर नाही तर सेल काय करणार, हे तिला आधीच ठाऊक होतं. आपण नुसते हात हलवतोय, हातांना थांबू देत नाही आहोत, हेही तिला दिसत होतं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ती अशीच चालायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कारण बसलं की छातीत काहीतरी उघडं पडायचं.

फोन वाजला. त्र्यंबक. तो भरूचला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि रोज याच सुमाराला फोन करायचा. ‘काय म्हणतेय?’ ‘बोलली ती,’ नीरजा म्हणाली. ‘शॉवर घ्यायचाय म्हणाली.’ ‘खरंच? अगं मग दे ना! काय करतेयस तू?’ ‘गिझरला पाणी येत नाहीये. नळी खोलतेय.’ ‘नळी? नीरजा, वेडी आहेस का? गॅसचा गिझर आहे तो, भलतंसलतं काही करू नकोस. पातेल्यात तापव आणि घाल तिला आंघोळ. एवढी साधी गोष्ट—’ ‘साधी नाहीये.’ ‘तू प्रत्येक गोष्ट अवघड करतेस.’ तिने पाना दुसऱ्या हातात घेतला. त्याचा आवाज एकदम खाली आला. ‘तिला दे ना फोन. मला एकदा ऐकू दे तिचा आवाज.’ तो रडतोय की काय असं तिला वाटलं, आणि त्याच्यावर दया करायला आपल्याकडे आत्ता काहीच शिल्लक नाही हेही लक्षात आलं. ‘नंतर,’ ती म्हणाली. ‘पाणी आल्यावर.’

गॅसचा रेग्युलेटर बंद. भिंतीवरचा थंड पाण्याचा कॉक बंद. तो फिरताना करकरला. ती बाल्कनीच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि मान वर करून गिझरच्या बुडाशी पाहू लागली. दोन नळ्या, एक येणारी, एक जाणारी. येणाऱ्या नळीच्या नटाला तिने पाना लावला. तो हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर केला. पाना निसटला, तिची बोटं भिंतीवर घासली आणि सांध्यांवरची साल निघाली. पुन्हा लावला. आतून तिला सावित्राबाईंचा आवाज ऐकू येत होता, त्या कौमुदीला काहीतरी सांगत होत्या, भाताबद्दल, तणाबद्दल, ‘लय माजलंय औंदा, उपटून उपटून कंबर गेली’ असं काहीतरी. मधे कौमुदीचा आवाज येत नव्हता. तिसऱ्या जोराला नट सुटला आणि नळीतलं उरलेलं पाणी नीरजाच्या बाहीत शिरून काखेपर्यंत गेलं. आत, गिझरच्या तोंडाशी, बोटाच्या पेराएवढी एक जाळी होती. ती दिसतच नव्हती, कारण तिच्यावर लाल चिखलाचा थर होता. कुंभाराच्या हाताखालून आल्यासारखा गुळगुळीत. तिने चिमट्याने ती उपसली, जुन्या टूथब्रशने घासली, उजेडाकडे धरली. भोकाभोकातून आभाळ दिसलं. ती हसली. स्वतःचं हसणं ऐकून ती घाबरली.

जोडलं, कॉक उघडला, बाथरूममध्ये धावली. धार जाड झाली होती. बाहेर गिझर टकटकला, भप्प झालं, ज्योत पेटली, आणि नीरजा हात पाण्याखाली धरून उभी राहिली. थंड, थंड, कोमट. मग ज्योत विझली. पुन्हा टकटक, पुन्हा भप्प, पुन्हा विझली. जोर ज्योतीला पुरत नव्हता. ‘बाई,’ सावित्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, ‘मला आता निघाया लागंल. टमटम जाईल. तिनं अजून एकदा इचारलं, पानी आलं का. मी म्हनलं येतंय. पर आता आडवी झालीया.’ ‘आडवी?’ ‘व्हय. भिंतीकडं तोंड न्हाई केलं पर.’ जाताना त्यांनी नीरजाच्या सालटलेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘उद्याच्याला बी न्हाईल की वो. आज न्हाई तर उद्या. जिवाला एवढं लावून घेऊ नका.’ उद्या. नीरजाला त्या शब्दाचा राग आला. ज्यांच्या घरात उद्या आपोआप येतो त्यांना तो असा सहज वापरता येतो. या घरात गेले कित्येक दिवस रोज संध्याकाळी तिने उद्याची भीक मागितली होती.

घरात आता त्या दोघीच. कौमुदीच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून, पलंगाचा पायाकडचा कोपरा दिसेल अशा बेताने बाल्कनीचं दारही उघडं ठेवून, ती पुन्हा गुडघ्यांवर बसली. जाळी साफ, टाकी भरलेली, शॉवर काढलेला. मग काय उरतं? आतली कॉइल. ती भरली असेल तर संपलंच. गणिताच्या तासाला ती मुलांना सांगायची, अडलं की मागे जा, शेवटची पायरी जी तुम्ही न बघता ओलांडलीत तिथे जा. न बघता ओलांडलेली पायरी. कौमुदीच्या बाबतीत ती कोणती, हे ती रोज रात्री शोधायची. नोकरी लागल्यावरचा तो पहिला दिवाळीचा मुक्काम, जेव्हा ती सारखी झोपत होती आणि सगळे ‘दमलीय’ म्हणाले, तो? की त्याआधी? मागे मागे जात ती बाळंतपणापर्यंत पोचायची आणि हाती काहीच लागायचं नाही. माणसात अशी जाळी नसते जी काढून उजेडाकडे धरता येईल. तिने नळी पुन्हा सोडली. या वेळी पूर्ण सोडली, भिंतीच्या कॉकपासूनही, आणि दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली. पलीकडून उजेड यायला हवा होता. आली ती फक्त एक कोर, चतुर्थीच्या चंद्राएवढी. नळीच्या तोंडाशी बसवलेला काळा रबरी वायसर वर्षानुवर्षांच्या दाबाने फुगून, मऊ होऊन आत सरकला होता, आणि तोंडावरच आडवा बसला होता. तिने तो नखाने ओढला. तो डांबरासारखा बोटांना चिकटून तुटत तुटत बाहेर आला.

आता नवा वायसर पाहिजे. वाण्याकडे मिळणार नाही. हार्डवेअरचं दुकान बाजारात, गर्दीच्या पलीकडे, आणि कौमुदीला सोडून जायचं नाही. ती पाना घेऊन बेसिनखाली शिरली. बेसिनचा कॉक बंद करून त्याची नळी सोडली. तसाच एक वायसर तिच्या तोंडाशी होता, थोडा कडक, पण गोल. तो काढून तिने गिझरच्या नळीत बसवला. नटाचे आटे तिरके बसत होते, दोनदा काढून पुन्हा लावले. तिसऱ्यांदा ते सरळ बसले. तिने कॉक उघडला. गळलं नाही. शॉवर परत फिरवून बसवला, नळ उघडला, आणि पाणी असं कोसळलं की ती मागे सरकली. बाहेर गिझर पेटला आणि पेटलेलाच राहिला, घुमत राहिला. पाणी कोमट झालं, गरम झालं. आरशावर वाफ चढली.

‘कौमू!’ ती खोलीत धावली. ‘आलं बघ पाणी! भरपूर आलंय. चल.’

कौमुदी कुशीवर होती. डोळे उघडे होते. तिने आईकडे पाहिलं, बराच वेळ, जणू फार लांबून कुणी काही ओरडतंय आणि शब्द पोचत नाहीयेत. ‘आता नको,’ ती म्हणाली.

‘अगं, पण—’ नीरजाने पुढचं सगळं जिभेवरून मागे ढकललं. तू म्हणालीस ना. मी हे सगळं. बघ माझे हात. यातलं एकही वाक्य बोलायचं नव्हतं. ‘बरं,’ ती म्हणाली. तिने पांघरुणाचं टोक सारखं केलं, ते सारखंच होतं, आणि ती बाहेर आली. बाथरूममध्ये पाणी चालूच होतं. ते बंद करायला ती आत गेली आणि नळावर हात ठेवून उभी राहिली. तो फिरवणं तिला जमेना. एवढ्याशा नळाची ती चावी, पण ती फिरवायला अंगातली सगळी ताकद लागेल असं वाटलं. खांद्यावर पाणी पडलं. ते बरं वाटलं. अंगातल्या कुर्त्या-सलवारीसकट, गुडघ्यांवरच्या चिखलासकट, ती फरशीवर बसली, पाठ भिंतीला टेकली, आणि तोंड वर केलं. पाणी कपाळावर, मिटलेल्या पापण्यांवर, उघड्या तोंडात पडत होतं. आपण स्वतः शेवटचे असे पाण्याखाली कधी थांबलो होतो, हे तिला आठवेना. रोज सकाळी कान बाहेर लावून, दार उघडं ठेवून, चार तांबे. ती आता रडत होती. पाण्याच्या आवाजात ते मोठ्याने रडता येत होतं, लहान मुलासारखं, तोंड वेडंवाकडं करून. सालटलेली बोटं चुरचुरत होती. होऊ दे, संपू दे सिलिंडर, असं तिच्या मनात येत होतं. कुणाच्या तरी अंगावर पडू दे.

‘आई.’

कौमुदी दारात उभी होती. एका हाताने चौकट धरून. एवढं अंतर चालल्याने तिला धाप लागली होती. ‘कपड्यांसकट?’ ती म्हणाली.

‘धार बघत होते,’ नीरजा म्हणाली, आणि तिने नाक पुसलं.

कौमुदीने पुढे येऊन पाण्याखाली हात धरला. मनगटापर्यंत. पटकन मागे घेतला. ‘कढत आहे गं. मी नाही बसणार एवढ्या कढत पाण्यात.’

‘कमी करते,’ नीरजा भिंतीला धरून उठली. ‘त्याचं बटण बाल्कनीत आहे.’ आणि ती थांबली. बटण बाल्कनीत होतं, म्हणजे तिला इथून जायला हवं होतं. एकटं सोडू नका. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. कौमुदी शॉवरकडे बघत होती, तिच्याकडे नाही. ‘जा ना,’ ती म्हणाली, जरा वैतागून, घरातली माणसं एकमेकांवर वैतागतात तसं.

नीरजा गेली. पॅसेजभर पाण्याची पावलं उमटवत, मागे वळून न बघता. वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते पाळताना मान दुखून आली. बाल्कनीत गिझरच्या छोट्या काचेआड ज्योतींची निळी रांग होती. तिने बटण थोडं फिरवलं. रांग बुटकी झाली.

‘आता?’ तिने ओरडून विचारलं.

भिंतीपलीकडून नुसतं पाणी पडत होतं. मग, ‘अजून कमी!’

तिने फिरवलं. ‘आता?’

‘फार झालं. थोडं वाढव.’

केसभर वाढवलं. ‘आता?’

उत्तर आलं नाही. नीरजाचे डोळे ज्योतींवर खिळले, पण कान, पाठ, ओली कातडी, सगळं भिंतीला लागलेलं होतं. पाणी फरशीवर पडत होतं, सरळ, कठीण, एकसुरी. तिच्या ओठांवर पुन्हा ‘आता?’ आलं होतं आणि ती ते अडवून उभी होती. मग पलीकडचा आवाज तुटला. एकसुरीपणा गेला, धार मधेच कशावर तरी अडून फुटली, पसरली, मऊ झाली, आणि खाली वेगवेगळ्या जागी उतरू लागली. पाणी कुणाच्या तरी डोक्यावर, खांद्यांवर पडत होतं.

‘असंच राहू दे,’ आतून कौमुदी म्हणाली.

नीरजा बटण धरून उभी राहिली.